सरबताचा प्रयोग

"आपल्या समाजात प्रश्न विचारायची सवयच नाही," असं शरच्चंद्र सर पहिल्याच शनिवारी म्हणाले, तेव्हा मला हसू आवरेना. लग्न होऊन मी पुण्यात आले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि या शहरात मला जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे विद्यापीठाने तीन वर्षांत विचारले नव्हते. मूळ गाव कुठलं? वानखडे म्हणजे अमरावतीकडचे का? माहेरचं आडनाव काय? घरात देव कुठले? हे सगळं भाड्याने खोली दाखवायच्या आधी, दारातच. आम्ही शेवटी वाघोलीला राहायला गेलो, कारण तिथल्या बिल्डरला फक्त चेक वटतो का एवढंच जाणून घ्यायचं होतं. आणि सर म्हणत होते, सवय नाही.

पण सर भले वाटले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, खिशात कायम लोहचुंबक आणि रबरबँड. बालवाडीच्या शिक्षिकांना विज्ञान शिकवायचं कसं, हे शिकवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. पैसे हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे होते. कंपनीला समाजासाठी काहीतरी करायचं होतं, आणि बालवाडी स्वस्तात पडते. एरंडवण्यातल्या एका संस्थेच्या हॉलमध्ये आम्ही दर शनिवारी कंपनीचं नाव छापलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसायचो.

त्या पहिल्या दिवशी सरांनी पाण्याने भरलेलं घमेलं आणि एक बटाटा पुढे ठेवला. बटाटा तरंगेल की बुडेल? सगळ्यांनी उत्तरं दिली, काहींनी कारणंसुद्धा दिली, पण पाण्यात हात घालायला कुणी उठेना. साड्या चांगल्या होत्या. मी उठले. बटाटा बुडाला. मग मी सरांनी ठेवलेलं मीठ पाण्यात मुठी भरभरून टाकलं, ढवळलं, आणि बटाटा हळूच वर आला. "तुम्हाला माहीत होतं?" सरांनी विचारलं. माहीत होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली बी.एस्सी. आहे, फक्त लग्नानंतर काचपट्टीला हात लागला नव्हता. पण मी "नाही, बघावंसं वाटलं" असं म्हणाले, आणि सरांचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं.

त्यांचे नियम सोपे होते. मुलाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं नाही, प्रश्न त्याच्याच हातात परत ठेवायचा. काय वाटतं, कसं शोधू या, असं म्हणायचं. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला शेवटचा नियम, मुलाचा कुठलाच प्रश्न वाईट नसतो. याच्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

जूनपासून आमच्या तुकडीतल्या एकीला ते पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणून घेणार होते. शहरभरच्या बालवाड्यांत जायचं, तिथल्या शिक्षिकांना शिकवायचं. अट एवढीच, की आपल्या वर्गातल्या मुलाच्या स्वतःच्या प्रश्नातून एक प्रयोग उभा करायचा, सर तो शाळेत येऊन बघणार, आणि शाळेच्या प्रमुखांनी आपल्याबद्दल चांगला शब्द टाकायचा. मला ती जागा हवी होती. पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात शिक्षिकांपुढे उभी असायचे. इतकं मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं, आणि मागतेय याचीही मला लाज वाटत नव्हती.

माझी शाळा कोथरूडला, दीपमालाताईंच्या बंगल्याच्या तळमजल्यावर. फाटकावर पाटी होती, 'इथे मुलं मोकळी वाढतात'. दीपमालाताईंनी मला घेतलं ते माझ्या डिग्रीसाठी. आमच्याकडे बी.एस्सी. टीचर आहे, असं त्या प्रत्येक नव्या पालकाला सांगायच्या, नवा घेतलेला फ्रीज पाहुण्यांना दाखवावा तसं. पालक बहुतेक हिंजवडीला जाणारे, निम्मे बाबा अमेरिकेत. मुलांना सोडायला आणि न्यायला आज्या यायच्या.

मुक्ताईची आजी त्यातलीच एक. मऊ बोलायची, मऊ हसायची. नवरात्रात एकदा मुक्ताईची चप्पल घालता घालता तिने विचारलं, "दसऱ्याला कुठे, गावी का?"

"नागपूरला जाऊ," मी म्हणाले. सहज म्हणाले. कुणी कोकणात जातो म्हणावं, तसं.

"हो का," आजी म्हणाली.

पुण्यात 'हो का' म्हटलं की विषय संपतो. दसऱ्याला नागपूरला कोण जातं आणि कशासाठी, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही बौद्ध. मी हे कधी लपवलं नव्हतं, फक्त आजवर शाळेत कुणी सरळ विचारलंही नव्हतं. सरळ विचारणं इथे असभ्य समजतात.

दिवाळीच्या सुटीनंतर मुक्ताई माझ्या हातचा खाऊ घेईनाशी झाली. पोट दुखतं, म्हणायची. मधल्या सुटीत मुलांना फळं कापून द्यायचं काम माझं होतं. ती आपला डबा उघडून कोपऱ्यात बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मला कळलं होतं. कळलं होतं, पण मी ते पोटदुखीच समजून चालले, कारण दुसरं काही समजून घेतलं असतं तर रोज दोन बस बदलून तिथे जाणं मला जमलं नसतं.

शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं. मी पेरू कापून फोडींना तिखटमीठ लावत होते. मुक्ताई जवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टीचर, तुमच्या हातचं खाल्लं तर काय होतं?"

माझा हात थांबला. "काही होतं असं कुणी सांगितलं?"

"आजी म्हणते खायचं नाही. का, ते सांगत नाही. मी खूप वेळा विचारलं."

साडेचार वर्षांची पोर. तिच्या डोळ्यांत जराही वाईट काही नव्हतं. ती खरंच विचारत होती. माझ्या ओठांवर एक उत्तर आलं होतं, ते आजीला ऐकवायच्या लायकीचं होतं, तिला नाही. आणि मग मला फळ्यावरच्या दोन रेघा आठवल्या. मी चाकू खाली ठेवला.

"तुला काय वाटतं, काय होत असेल?"

तिने विचार केला. "कडू लागत असेल."

"मी रोज खातो," शेजारचा रतन म्हणाला. "कडू नसतं."

"तू लहान आहेस. तुला कळत नसेल."

"मग खरं काय ते कसं शोधायचं?" मी विचारलं, आणि शपथेवर सांगते, यापुढचा एक शब्दही माझा नाही. सरबत करायचं हे रतन म्हणाला, कारण त्याला सरबत हवं होतं. एक टीचरनी करायचं आणि एक दीपमालाताईंनी, हे मुक्ताई म्हणाली. नाहीतर बघून कळेल, म्हणून आपल्यासमोर करायचं नाही, हेही तीच म्हणाली. मी प्रयोगशाळेत तीन वर्षं काढली होती. याहून नेटका प्रयोग मला सुचला नसता.

घरी सासूबाईंना सांगितलं. सुंदराबाई आमच्या, अकोल्याकडच्या, इथे येऊनही बोली न बदललेल्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि मागे न बघता म्हणाल्या, "काहून वं सोनाली? लेकरायले सरबत पाज अन् घरी ये. आपल्या हाताची परीक्षा आपणच काहून द्याची?"

"परीक्षा माझी नाही, आई. लेकरं शोधून राहिली." घरी माझी जीभ आपोआप त्यांच्याकडे वळते.

"शोधून का भेटते? चव घेऊन कोनी आपल्याले जवळ केलं का आजवर?"

चेतन म्हणाला, "तुला ती नोकरी पाहिजे ना? मग फुलपाखरं वगैरे घे. सेफ राहा." चेतन हिंजवडीला टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याने केलेल्या चुका दिवसभर शोधतो आणि घरी आला की त्याला कसलीच चूक शोधायची नसते. मला दोघांचाही राग आला. तो राग आजही गेलेला नाही, फक्त आता मला ठाऊक आहे की सासूबाई बरोबर होत्या.

दीपमालाताईंना मी विचारलं, "चवीचा प्रयोग आहे, तुम्ही एक जग सरबत कराल का?" त्यांना आनंद झाला. मुलांचा मूळ प्रश्न काय, ते मी मुद्दाम लपवलं, असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांनी विचारलंच नव्हतं. साडीचा पदर खोचून त्यांनी हौसेने लिंबं पिळली. लिंबं तेवढीच, साखर एकाच वाटीने मोजलेली, पाणी एकाच माठातलं. बदलले ते फक्त हात. माझ्या सरबताच्या पेल्यांना मी तळाशी एकेक लाल टिकली चिकटवली आणि सगळे पेले चटईवर मांडले.

मुलं प्यायली, मिशा आल्यासारखे ओठ पुसत बोटं दाखवू लागली. हे टीचरचं, ते ताईंचं. कुणाचं बरोबर येत होतं, कुणाचं चुकत होतं. मुक्ताई शेवटपर्यंत थांबली. मग तिने एक पेला दोन्ही हातांनी उचलला, घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरून ठेवला आणि गिळला. दुसरा उचलला. एवढ्याशा पोरीच्या घशाखाली काहीतरी उतरतंय की नाही, यावर माझं सगळं आयुष्य अडल्यासारखं मला वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा संतापही येत होता.

"हे दीपमालाताईंचं," ती खात्रीने म्हणाली. "हे छान आहे."

रतनने पेला वर धरून खालून बघितला. तळाशी टिकली होती. मुलं खदाखदा हसली, मुक्ताईही हसली. तिने पुन्हा पिऊन बघितलं, पुन्हा चुकली.

"मग काय समजलं आपल्याला?" मी विचारलं.

"कळत नाही, हे समजलं," मुक्ताई म्हणाली.

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने दोनदा वळून बघितलं. मला वाटलं, जे मोठ्यांना समजावून आमच्या दोन पिढ्या दमल्या, ते चटईवर बसलेल्या पोरांनी एका सकाळी निकालात काढलं. मी इतकी खूश होते की त्या खुशीचीच आज मला चीड येते.

दुसऱ्या दिवशी मुक्ताईची आजी आली. आवाज चढवला नाही. दीपमालाताईंच्या खोलीत बसली, दार उघडंच ठेवलं, म्हणजे मला ऐकू यावं. "पाणी कुठलं वापरता हो तुम्ही? मुलीचा घसा बसलाय." मग, "प्रयोग करावेत, पण मुलांवर करू नयेत, नाही का?" मग, "आमच्या सूनबाईंना अजून सांगितलं नाही मी. ती लगेच शाळा बदलायचं म्हणेल." एवढं बोलून ती हसली, आणि जाताना मलाही हसून "येते हं" म्हणाली.

दीपमालाताईंनी मला बोलावलं. "वानखडेताई, काय केलंत हे?"

"मुलीने प्रश्न विचारला, ताई. त्यावर प्रयोग केला."

"माझ्या शाळेत जातपात कधी नव्हती. मी तुम्हाला घेताना विचारलं होतं का काही? नाही ना? तुम्ही आणलीत ती वर्गात."

"ती मुलीच्या डब्यातून आली, ताई. मी फक्त पेल्यात ओतली."

"शब्दांचे खेळ नकोत." त्यांनी पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "आणि माझं सरबत तुमच्या सरबताशेजारी मांडलंत, मला न सांगता."

"शेजारी मांडलं तर काय झालं?"

"तसं नाही हो," त्या घाईने म्हणाल्या. मग कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. फळं कापायचं काम त्या दिवसापासून झाडलोट करणाऱ्या मावशींकडे गेलं. मुलांच्या आरोग्यासाठी, असं सगळ्या पालकांना कळवलं गेलं. मला मधल्या सुटीत वर्गात हाताची घडी घालून बसायला सांगितलं, म्हणजे काही न करता बसायला.

मार्चमध्ये शरच्चंद्र सर प्रयोग बघायला आले. दीपमालाताईंनी आधीच पाण्याचं घमेलं मांडून ठेवलं होतं, काय तरंगतं आणि काय बुडतं. मी सरांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. मुलीचा प्रश्न, मुलांनीच रचलेला प्रयोग, टिकल्या, निकाल. सर लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा त्यांचा चेहरा त्या बटाट्याच्या दिवशीसारखा उजळलाही.

"प्रयोग निर्दोष आहे," ते म्हणाले. "इतक्या लहान मुलांकडून असा प्रयोग मी पाहिलेला नाही."

"मग हाच माझा प्रयोग, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आपण असं करू या का, प्रश्न जरा बदलू या. दोन व्यक्तींनी केलेल्या सरबताची चव वेगळी लागते का? एवढंच. बाकीचं कशाला?"

"मुलीने विचारलेला प्रश्न तो नाही. कुठलाच प्रश्न वाईट नसतो, असं आपण शिकवलंत."

"वाईट नाही हो. पण कंपनीचे लोक हे वाचणार, दीपमालाताई नाराज आहेत, त्यांचा शब्द तुमच्यासाठी लागणार. तुम्ही हुशार आहात. या वेळी राहू द्या. पुढच्या तुकडीत नक्की बघू."

म्हणजे जागा गेली. ते इतकं मऊपणे सांगितलं गेलं की मला आभार मानावेत की काय अशी शंका आली. मी आभार मानले नाहीत. "प्रश्न बदलायचा असेल तर सर, मग उत्तरही आधीच ठरवून ठेवा," एवढं म्हणाले. ते बिचारे पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागले. वाईट माणूस असता तर मला बरं पडलं असतं.

मधली सुटी झाली. मुलं डबे घेऊन गोल बसली. आमच्याकडे आपल्या डब्यातलं थोडं थोडं एकमेकांना द्यायची पद्धत आहे, दीपमालाताईंना ती फार प्रिय, नव्या पालकांना त्या ती दाखवतात. सर दारात उभे राहून बघू लागले. मुक्ताई आपला डबा बंद ठेवून उठली आणि पहिल्या मुलापुढे जाऊन उभी राहिली.

"तुझं आडनाव काय?"

"पेठे," तो म्हणाला. तिने मान डोलावली, त्याच्या डब्यातला शंकरपाळा घेतला आणि पुढच्या मुलीकडे गेली. तोच प्रश्न. तिथून पुढच्या मुलीकडे. तिसरीला स्वतःचं आडनाव सांगता येईना, तेव्हा मुक्ताई समजूतदारपणे म्हणाली, "मग मी आजीला विचारून येते. तोपर्यंत तुझं नको."

सरांनी फक्त पाहिलं होतं, अर्थ लावला नव्हता. "वा," ते हळूच मला म्हणाले, "एकच प्रश्न, प्रत्येकाला, त्याच शब्दांत. ही मुलगी माहिती गोळा करतेय. हे तुम्ही शिकवलंत?"

मी मुक्ताईला जवळ बोलावलं. "आडनाव कशाला विचारतेस गं?"

"आजीला मी प्रयोग सांगितला ना," ती उत्साहाने म्हणाली. "कळत नाही म्हणून सांगितलं. तर आजी म्हणाली, बरोबर, चवीवरून कळतच नाही. म्हणूनच आधी विचारून घ्यायचं असतं."

सरांचे ओठ हलले. "निष्कर्ष तर्काला धरून आहे," ते पुटपुटले. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निसटलं असेल. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि ते लालबुंद झाले, पण बोलले ते बोलले.

मी मुक्ताईसमोर गुडघ्यांवर बसले. तिच्या हातात शंकरपाळ्याचा उरलेला तुकडा होता. तिला ओरडावं असं वाटलं, कुशीत घ्यावं असंही वाटलं, दोन्ही जमलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मला नाही विचारलंस माझं आडनाव?"

"तुम्हाला कशाला विचारू?" ती म्हणाली, अगदी प्रेमाने. "तुमचं माहितीये." आणि ती पुढच्या मुलाकडे गेली.